छातीचा फोटो आणि क्षय नसलेला क्षय

मुलाला महिनाभर खोकला आहे. दिवसा फारसे काही नाही, पण रात्री दोन-तीनच्या सुमारास अशी ढास लागते की सगळे घर जागे होते. अंगात कणकण असते, भूक मेलेली, वजन उतरलेले. डॉक्टर छातीचा फोटो काढायला सांगतात. फोटोत दोन्ही फुप्फुसांवर राळ्याचे दाणे उधळावेत तसे बारीक ठिपके दिसतात.

१९४० च्या आसपास हिंदुस्थानातल्या डॉक्टरांच्या हातात असा फोटो आला की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येई : मिलिअरी टीबी. हा शब्दच मुळी बारीक धान्याच्या दाण्यावरून आलेला आहे. क्षयाचे जंतू रक्तातून शरीरभर पसरले की फुप्फुसांत असे दाणे उमटतात. त्या काळात हे निदान म्हणजे मृत्यूची चिठ्ठीच होती. स्ट्रेप्टोमायसिन अजून सापडले नव्हते. ते १९४४ मध्ये जगापुढे आले आणि आपल्याकडच्या सामान्य माणसाच्या हाती पडायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली. तोवर इलाज म्हणजे मोकळी हवा, दूध, अंडी, सक्तीची विश्रांती आणि दुआ.

पण काही डॉक्टरांना एक गोष्ट खटकू लागली. फोटो तर मरणाऱ्या रोग्याचा दिसतो, पण यातली काही माणसे मरत का नाहीत?

क्षयासारखाच दिसणारा पण क्षय नसलेला हा आजार कसा ओळखला गेला, त्याची ही हकीकत आहे. तिच्यात आंध्रातले एक सॅनेटोरियम आहे, मुंबई आहे, वेल्लोरचा बालरोगतज्ज्ञ आहे आणि भीमावरमचा एक शास्त्रज्ञ आहे, जो औषध घडवण्याच्या कामात होता पण या आजारावर ते चाललेले पाहायला उरला नाही. हे प्रकरण इतिहासजमा झालेले नाही. आजही मुलांच्या छातीचे फोटो तसेच फसवतात.

सावली काय सांगते, काय सांगत नाही

विल्हेल्म रोंटगेन यांनी एक्स-रे शोधले ते नोव्हेंबर १८९५ मध्ये. काही वर्षांतच क्षयाच्या दवाखान्यांत हे यंत्र आले आणि डॉक्टरांना पहिल्यांदाच जिवंत माणसाच्या छातीत डोकावता आले. तोवर कान लावून किंवा बोटांनी ठोकून जे कळेल तेच खरे होते.

पण एक्स-रे ही सावली आहे. हवेने भरलेले फुप्फुस काळे दिसते आणि जिथे हवेची जागा दुसऱ्या कशाने घेतली तिथे पांढरे दिसते. ते दुसरे काय आहे हे सावली सांगत नाही. पू असेल, पाणी असेल, क्षयाच्या गाठी असतील, किंवा कुठल्या तरी जंताच्या अळीभोवती जमलेल्या पेशी असतील. भिंतीवर माणसाची सावली पडली तर माणूस आहे एवढे कळते, तो कोण हे कळत नाही.

दुसरी खूण रक्तात होती. १८७९ साली पॉल एर्लिख यांनी रक्ताच्या काचेवर इओसिन नावाचा तांबडा रंग टाकून पाहिला. काही पांढऱ्या पेशींतले दाणे त्या रंगाने लालभडक झाले. त्यांना नाव पडले इओसिनोफिल. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण पाचशेच्या आत असतात. शरीरात जंत शिरले किंवा ॲलर्जी झाली की त्या वाढतात. आपल्याकडे घरोघर बोलला जाणारा 'इस्नोफिलिया' तो हाच. क्षयात मात्र या पेशी सहसा हजारांच्या घरात जात नाहीत.

म्हणजे खरे निदान सावली आणि रक्ताची काच एकमेकींशेजारी ठेवली तरच होणार होते. एक गोष्ट क्षयतज्ज्ञाच्या खोलीत होती, दुसरी प्रयोगशाळेत.

आरोग्यवरम, १९४०

मद्रास इलाख्यात मदनपल्लीजवळ आरोग्यवरम नावाचे एक ठिकाण आहे. अनेक मिशन संस्थांनी एकत्र येऊन तिथे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम उभारले. १९१५ मध्ये ते सुरू झाले आणि ख्रिश्चन फ्रिमोट-म्योलर हे डॅनिश डॉक्टर त्याचे पहिले प्रमुख झाले. पुढे दक्षिण हिंदुस्थानातून क्षयरोगी तिथे येऊ लागले. आपल्याकडे पाचगणीला आणि मिरजेजवळ वानलेसवाडीला जशी सॅनेटोरियम होती, तसेच हे.

१९४० साली फ्रिमोट-म्योलर आणि त्यांचे सहकारी बार्टन यांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये एक निबंध छापला. त्यात त्यांनी क्षयाचा शिक्का घेऊन आलेल्या काही रोग्यांचे वर्णन केले. खोकला, दम, ताप, वजन उतरणे ही सगळी लक्षणे क्षयाची होती. फोटोत मिलिअरी टीबीसारखे ठिपके होते. पण थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नव्हते आणि रक्तात इओसिनोफिल पेशी प्रचंड वाढलेल्या होत्या. या दोघांनी त्याला क्षयाचा आभास निर्माण करणारी, इओसिनोफिल पेशी वाढवणारी अवस्था असे म्हटले. नव्या रोगाला नाव देण्याची घाई त्यांनी केली नाही.

हा शोध क्षयाच्याच दवाखान्यात लागावा यात मोठा अर्थ आहे. ज्यांनी आयुष्यभर हजारो क्षयरोगी पाहिले, त्यांनाच क्षय नसलेला रोगी वेगळा दिसला. सगळेच रोगी क्षयाचे आहेत असे धरून चालणे त्यांच्यासाठी सर्वांत सोपे होते. लोकांनी क्षयरोगी म्हणूनच पाठवले होते, खाटा त्यांच्यासाठीच होत्या. तरीही त्यांनी थुंकीची काच पुन्हा पुन्हा पाहिली आणि जंतू नाहीत तर नाहीत असे लिहून ठेवले.

वाइनगार्टेन आणि योगायोगाचा इलाज

तीन वर्षांनी, १९४३ मध्ये, 'लॅन्सेट' या लंडनच्या नियतकालिकात आर. जे. वाइनगार्टेन यांचा निबंध आला. त्यांनी हिंदुस्थानातल्या ८१ रोग्यांची माहिती मांडली आणि या आजाराला नाव दिले : ट्रॉपिकल इओसिनोफिलिया. रात्रीचा खोकला, दम्यासारखी घरघर, फोटोतले ठिपके आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशींचा पूर हे चित्र त्यांनी एकत्र बांधले. पुढे बरीच वर्षे हा आजार वाइनगार्टेनच्या नावानेही ओळखला गेला.

त्यांना इलाज सापडला तो मात्र योगायोगाने. या आजाराच्या एका रोग्याला उपदंशही होता. उपदंशासाठी त्या काळी आर्सेनिकचे एक औषध शिरेतून देत असत. ते दिल्यावर रोग्याचा उपदंश तर आटोक्यात आलाच, पण खोकलाही गेला आणि फुप्फुसेही मोकळी झाली. मग हेच औषध इतर रोग्यांना दिले गेले आणि तेही बरे झाले.

आर्सेनिक म्हणजे सोमल. त्याने गुण येत असे, पण ते विषच होते. लहान मुलाच्या शिरेत सोमल टोचायचा हा निर्णय कुठल्याही आईबापांना आणि डॉक्टरला सोपा नव्हता. तरी एक मोठी गोष्ट झाली होती. 'हा मरणार' असे ज्याच्याबद्दल म्हटले जाई, तो काही आठवड्यांत उठून चालू लागला. कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

जंत फुप्फुसात जातात कसे?

कारणाकडे जाणारी वाट दुसऱ्या बाजूने तयार होत होती आणि तिची सुरुवात जपानमधल्या एका धाडसी माणसापासून झाली. कोइनो नावाच्या जपानी संशोधकाने १९२२ मध्ये माणसाच्या पोटातल्या जंताची सुमारे २००० अंडी स्वतः गिळली. त्याच्या धाकट्या भावाने डुकरातल्या जंताची ५०० अंडी घेतली. कोइनोला काही दिवसांतच ताप, खोकला आणि दम लागला, न्युमोनिया झाल्यासारखी अवस्था झाली आणि त्याच्या थुंकीत जंताच्या अळ्या सापडल्या. जंत आतड्यात राहतो हे सगळ्यांना ठाऊक होते. पण अंड्यातून निघालेली अळी आधी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, फुप्फुसात पोचते, श्वासनळीतून वर चढते, गिळली जाते आणि मग पुन्हा आतड्यात येऊन मोठी होते, हा प्रवास कोइनोने स्वतःच्या छातीवर सिद्ध केला.

वाटेत फुप्फुसच का लागते, याचे उत्तर फार जुने आहे. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त डाव्या कप्प्यात जायला मधल्या पडद्यातून वाट नाही. ते फुप्फुसांतून फिरूनच जाते. हे कैरोचे तबीब इब्न अल-नफीस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले होते. त्यांचे हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात पडून होते आणि १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरच्या अभ्यासातून ते पुन्हा उजेडात आले. शरीराच्या शिरांतून आलेले सगळे रक्त फुप्फुसांतल्या केसाहून बारीक वाहिन्यांतून गाळले जाते. रक्तात अळी असेल तर तिची पहिली मोठी अडवणूक तिथेच होते.

१९३२ मध्ये झुरिकचे विल्हेल्म ल्योफलर यांनी छातीच्या फोटोतल्या अशा सावल्यांचे वर्णन केले ज्या आज दिसतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत विरून जातात. सोबत रक्तात इओसिनोफिल वाढलेल्या. यातल्या बऱ्याच सावल्या फुप्फुसातून प्रवास करणाऱ्या जंताच्या अळ्यांमुळे पडतात हे पुढे स्पष्ट झाले. १९५२ मध्ये अमेरिकेत पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन मुलांची माहिती छापली. कुत्र्याच्या पोटातल्या जंताच्या अळ्या मातीतून त्यांच्या शरीरात गेल्या होत्या आणि इओसिनोफिल दीर्घकाळ वाढलेल्या होत्या. १९६७ मध्ये सौदी अरबस्तानातून ठरावीक मोसमात येणाऱ्या, जंताच्या अळ्यांनी होणाऱ्या न्युमोनियाची नोंद झाली.

मुले यात पुढे का असतात हे सांगायला संशोधक लागत नाही. ती मातीत खेळतात, हात तोंडात घालतात, अनवाणी फिरतात. पण ल्योफलरच्या सावल्या आपोआप जातात. आरोग्यवरम आणि वाइनगार्टेनच्या रोग्यांच्या सावल्या महिनोन् महिने राहत होत्या. म्हणजे इथे गुन्हेगार दुसराच होता.

भीमावरमचा माणूस आणि वेल्लोरची काच

गुन्हेगार औषधामुळे पकडला गेला. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या लेडरले प्रयोगशाळेतून डायइथाइलकार्बामाझिन नावाचे औषध बाहेर पडले. आपल्याकडे ते हेट्राझान या नावाने पोचले. हत्तीरोगाच्या जंतांवर चालणारे ते पहिले सोपे, तोंडाने घेता येणारे औषध होते. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. आपल्या देशातल्या 'क्षय नसलेल्या क्षया'वरही हेच औषध चालणार आहे, हे पाहायला ते राहिले नाहीत.

पन्नाशीच्या दशकात डॉक्टरांनी ते या आजारात वापरून पाहिले. १९५५ मध्ये गणात्रा आणि लुईस यांनी भारतातला अनुभव मांडला. १९५८ मध्ये सिंगापूरचे डॉ. दानराज यांनी दाखवले की या रोग्यांच्या रक्तात हत्तीरोगाच्या जातीच्या जंतांविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात आणि हेट्राझानने ते बरे होतात. त्याच वर्षी बकली यांनी प्राण्यांतले असे जंत स्वयंसेवकांच्या शरीरात जाऊ दिले आणि तशीच लक्षणे उमटल्याचे नोंदवले.

पण एक कोडे उरले होते. हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्या रात्री रक्तात सापडतात. १८७२ मध्ये कलकत्त्याला टिमथी लुईस यांनी त्या माणसाच्या रक्तात पाहिल्या होत्या. मग या रोग्यांच्या रक्तात, रात्री बारा वाजता काच केली तरी, अळी का दिसत नाही?

उत्तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून आले. १९६० मध्ये वेब, जॉब आणि गॉल्ट या तिघांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की या रोग्यांच्या फुप्फुसात, यकृतात आणि लसिकाग्रंथींत त्यांना अळ्या सापडल्या. रक्तात नव्हत्या, कारण रक्तातून त्या आधीच पकडल्या गेल्या होत्या. यातले जॉन वेब हे बालरोगतज्ज्ञ होते आणि पुढे ब्रिटनमध्ये बालआरोग्याचे प्राध्यापक झाले. मुंबईतही हे काम झाले. जोशी, उदवाडिया आणि गाडगीळ यांनी फुप्फुसाचे तुकडे तपासून १९६९ मध्ये या आजाराच्या कारणांचा आढावा प्रसिद्ध केला. डॉ. फारोख उदवाडिया यांनी या विषयावर वर्षानुवर्षे काम केले आणि १९७५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. १९७९ मध्ये ओट्टेसेन, परांजपे, त्रिपाठी आदींनी दाखवून दिले की या रोग्यांचे शरीर हत्तीरोगाच्या जंताला खास ॲलर्जीने उत्तर देते.

आजार शरीराच्या उत्तरात आहे

आता चित्र पुरे झाले. क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. तो चावला की हत्तीरोगाच्या अळ्या शरीरात जातात, लसिकावाहिन्यांत मोठ्या होतात आणि पिले सोडतात. बहुतेकांचे शरीर या पिलांना सहन करते, म्हणून ती रक्तात मोकळी फिरतात. शंभरात एकापेक्षाही कमी जणांत शरीर उलटे वागते. पिले फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांत अडकली की त्यांच्यावर ते सारी फौज सोडते. इओसिनोफिल पेशी एका घन मिलिमीटरमध्ये ३००० च्या वर जातात, कधी त्याच्या कितीतरी पट. अळी मरते, पण त्या लढाईत फुप्फुसच जायबंदी होते. फोटोतले ठिपके आणि जाळीसारख्या रेषा म्हणजे त्या लढाईच्या खुणा.

या ठिपक्यांचीही एक चाल आहे. ते एक ते काही मिलिमीटरचे असतात आणि फुप्फुसाच्या मधल्या व खालच्या भागात जास्त दिसतात. मिलिअरी टीबीचे दाणे साधारण सगळीकडे सारखे पसरलेले असतात. पण हा फरक पुस्तकात जितका स्वच्छ आहे तितका फोटोत नसतो. काही रोग्यांचा फोटो तर पूर्ण साफ असतो आणि आजार असतोच. सीटी स्कॅनमध्ये श्वासनळ्या रुंदावलेल्या, कुठे हवा कोंडलेली, छातीच्या मध्यातल्या गाठी वाढलेल्या असे साध्या फोटोत न दिसणारे बदल दिसतात. पण गाठी तर मुलांच्या क्षयातही वाढतात. म्हणजे यंत्र कितीही महाग झाले तरी सावली ती सावलीच.

मुंबईच्या अभ्यासाने वेळेचे महत्त्वही दाखवले. आधी फुप्फुसात एका प्रकारच्या पेशी जमतात, मग इओसिनोफिल पेशींचे थवे येतात आणि सहा महिन्यांहून जास्त काळ इलाज झाला नाही तर तिथे व्रण पडू लागतो. व्रण पडलेले फुप्फुस औषधाने पूर्ववत होत नाही. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रातल्या डॉ. विजयन यांच्यासह काही संशोधकांनी रोग्यांची फुप्फुसे आतून धुऊन त्यातल्या पेशी मोजल्या. तीन आठवड्यांच्या औषधाने माणूस झपाट्याने सुधारतो हे खरे, पण काहींच्या फुप्फुसात सौम्य दाह रेंगाळत राहतो, असे त्यांना दिसले.

सहा महिने ही मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्षयाचा साधा उपचारही सहा महिन्यांचाच असतो. ज्या मुलाला क्षय नाही, हा आजार आहे, त्याला क्षयाच्या गोळ्या देऊन 'सहा महिने पाहू' म्हटले, तर आपण नेमकी तीच मुदत वाया घालवतो जिच्यात फुप्फुस वाचले असते.

मुले दोन खुर्च्यांच्या मध्ये

स्वतंत्र भारताने क्षयाविरुद्ध लढाई सुरू केली तेव्हा छातीचा फोटो हे मोठे हत्यार होते. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशभर क्षयाचे सर्वेक्षण केले. त्यात लहान आकाराच्या फिल्मवर लोकांच्या छातीचे फोटो घेतले. पण फोटोची मर्यादाही तोवर जगाला कळू लागली होती. अमेरिकेत १९४७ मध्येच दिसून आले होते की एकच फोटो दोन तज्ज्ञ वेगवेगळा वाचतात. इतकेच नव्हे, तर तोच तज्ज्ञ तोच फोटो काही दिवसांनी वेगळा वाचतो. भारताने १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आखला तेव्हा थुंकीच्या तपासणीवर भर दिला. ते शहाणपणाचे होते. थुंकीत दिसलेला जंतू हा साक्षीदार असतो, सावली हा फक्त संशय.

पण या शहाणपणात मुले अडकली. लहान मूल बेडका काढून देत नाही, गिळून टाकते. शिवाय मुलांच्या क्षयात जंतू मुळातच थोडे असतात. त्यामुळे मोठ्या माणसाच्या बाबतीत ज्या फोटोवर आपण एकट्याने विसंबत नाही, त्याच फोटोवर मुलांच्या बाबतीत सर्वांत जास्त विसंबावे लागते. आज पोटातले पाणी किंवा शौच घेऊन त्यात क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधता येतो आणि ही मोठी सोय आहे. संगणक फोटो वाचू लागले आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये संगणकाकडून फोटो वाचून घ्यायची शिफारस केली ती १५ वर्षे आणि त्यावरच्या लोकांसाठी. लहान मुलांचा फोटो अजून माणसानेच, विचार करून वाचायचा आहे.

म्हणून या इतिहासातून चूक एकाच बाजूला होते असे कोणी समजू नये. उलट चूकही आपल्याकडे भरपूर झाली. हेट्राझान स्वस्त आणि सोपे झाल्यावर खोकला आणि थोड्या वाढलेल्या इओसिनोफिल एवढ्यावर 'इस्नोफिलिया आहे' म्हणून गोळ्या देण्याची सवय गल्लोगल्ली लागली. ज्या मुलाच्या पोटात साधे जंत आहेत त्याच्याही इओसिनोफिल वाढतात आणि त्याच मुलाला क्षयही असू शकतो. इस्नोफिलियाच्या नावाखाली क्षय दडला तर मूल दगावते. आज आपल्या देशात क्षय या आजारापेक्षा कितीतरी पट जास्त आहे, हे कधीही विसरता कामा नये. आरोग्यवरमच्या डॉक्टरांनी क्षय नाकारला तो थुंकी पुन्हा पुन्हा तपासून. फोटोकडे बघून अंदाजाने नव्हे.

नावाचे ओझे

मोहल्ल्यात मुलाला टीबी आहे असे एकदा कळले की पुढे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. शेजारीण आपल्या मुलांना खेळायला पाठवत नाही. शाळेत बाक वेगळा होतो. मुलगी असेल तर घरचे दहा वर्षांनंतरच्या निकाहाची काळजी आजच करू लागतात आणि फाइल कपाटाच्या तळाशी लपवतात. क्षय असला तरी यातले काहीच व्हायला नको. तो बरा होतो आणि त्यात लाजेसारखे काही नाही. पण ज्या मुलाला क्षय नाहीच, त्याने हे ओझे कशासाठी वाहावे?

त्याला वाचवायला लागते ते फार थोडे. फोटोबरोबर रक्ताची साधी तपासणी आणि इओसिनोफिलचा नेमका आकडा. घर हत्तीरोगाच्या पट्ट्यात आहे का, मूल कुठून आले, खोकला दिवसा आहे की मध्यरात्री, हे विचारायला डॉक्टरला लागणारी पाच मिनिटे. आणि आईबापांना लागणारी हिंमत, 'डॉक्टरसाहेब, थुंकीत किंवा पोटातल्या पाण्यात जंतू सापडला का?' असे अदबीने विचारण्याची. हा अविश्वास नाही. मात्र सुरू असलेला क्षयाचा इलाज आपल्या मनाने कोणीही थांबवू नये. शंका आली तर डॉक्टरांसमोर मांडावी.

शेवटची गोष्ट डासाची. हत्तीरोग म्हणजे म्हातारपणी सुजलेला पाय असे आपण समजतो. पण संसर्ग बालपणातच होतो. केरळात आलप्पुळा भागात डॉ. शेणॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या लसिकावाहिन्यांची चित्रे घेतली, तेव्हा पाय सुजण्याच्या कितीतरी आधी त्या वाहिन्या रुंदावलेल्या दिसल्या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा अशा आपल्या जिल्ह्यांत आरोग्यसेविका हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन दारोदार येतात. त्यात तेच औषध असते जे १९४७ मध्ये लेडरले प्रयोगशाळेतून निघाले होते. दोन वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि फार आजारी माणसे सोडून बाकीच्यांनी ते तिच्यासमोर गिळायचे असते. पुष्कळ घरांत गोळी हातात घेतली जाते आणि ती वळली की कोनाड्यात जाते. 'आम्हाला काय झालंय?' हा त्यामागचा सवाल असतो.

त्या सवालाचे उत्तर वर आले आहे. ज्यांना काहीच झालेले दिसत नाही, त्यांच्याच रक्तात रात्री अळ्या फिरतात. डास त्या उचलतो आणि गटारापलीकडच्या घरातल्या पोराला देतो. शंभरातल्या एखाद्याचे शरीर त्या सहन करत नाही. मग त्याला मध्यरात्री ढास लागते, त्याच्या छातीचा फोटो निघतो आणि कोणीतरी तो उजेडासमोर धरून चुकीचे नाव उच्चारतो. कोनाड्यातली गोळी त्या पोराची होती.